शंखवाल्यांना मी सोडलं नाही

चौदा वर्षं मी एस.टी.त कंडक्टर आहे. गाडीत राहिलेल्या किती वस्तू उचलल्या असतील, आता आठवत पण नाही. छत्र्या, जेवणाचे डबे, एका पायाची चप्पल, एकदा तर नवरदेवाचा फेटा. वस्तू उचलायची, आगारात जमा करायची, रजिस्टरात लिहायची. हा नियम मी एकदाच मोडला, आणि त्यावरून आजही कुणी बोललं की मी ऐकून घेत नाही.

उन्हाळा नुकता लागला होता. पुण्याहून येणारी गाडी परंड्याला निम्मी रिकामी झाली. सोनारीच्या भैरवनाथाला जाणारी माणसं तिथं उतरतात. पुढं आमच्या आगारात गाडी लावली आणि मी सवयीनं मागच्या बाकापासून वाकून वाकून बघत आले. मागून चौथ्या बाकाखाली एक प्लॅस्टिकची पेटी होती. गुलाबी झाकण, आत निळेपिवळे खडे, एक खोटं नारळाचं झाड आणि चार शंख. एका शंखावर हसरा चेहरा रंगवलेला, एकावर लाल ठिपके, एक चकाकी मारलेला निळा, आणि चौथा साधा, मातीच्या रंगाचा. लेकराचं खेळणं असंल म्हणून मी पेटी उचलली, तर निळ्या शंखातून पाय बाहेर आले. मग एक जांभळट नांगी. मग दांड्यावर बसवल्यासारखे दोन काळे डोळे.

पेटी हातातून पडायचीच बाकी होती.

आगारातल्या साहेबांनी रजिस्टर उघडलं, पेन काढलं आणि पेटीत वाकून बघितलं.

"हे जितं आहे का, बाई?"

"जितं आहे."

"मग मी काय लिहू? छत्री लिहिता येते, पिशवी लिहिता येते. जितं जनावर कुठं ठेवू मी? कपाटात?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "झाकणावर नंबर दिसतोय. लावून बघा."

झाकणावर खरंच लेकराच्या गिचमिड अक्षरात एक फोन नंबर होता. मी तिथंच उभी राहून लावला. एका बाईनं उचलला. मी सांगितलं, तुमची पेटी गाडीत राहिली आहे, काळजी करू नका, खेकडे जिवंत आहेत. मला वाटलं होतं बाईला बरं वाटंल.

"अहो, राहिली नाही ती," बाई म्हणाली. "मुलीला आता त्यांच्यात इंटरेस्ट उरला नाही. घरात वास येतो. आम्ही कुलदैवताला चाललो होतो, म्हटलं गावाकडच्या गाडीत ठेवू. तुमच्याकडं तलाव, विहिरी असतात ना? द्या सोडून. बिचारे मोकळे होतील."

"म्हंजी तुम्ही मुद्दाम ठेवली?"

"वाईट वाटून घेऊ नका. निसर्गात परत जातील, तुम्हालाच पुण्य लागेल."

"ताई, पुण्य तुमचं तुम्हीच घ्या. उद्या परतीच्या गाडीला या, पेटी मी हातात देते."

फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागला नाही. मी त्यानंतरचे आठ दिवस रोज लावत होते. एकदाही लागला नाही.

घरी पेटी आणली तेव्हा मी रागात होते. पण खरं सांगायचं तर त्या बाईचा सल्ला मला चुकीचा वाटला नव्हता. तिनं टाकून दिलं याचा राग होता. सोडून द्यायला माझी पण ना नव्हती. आमचं गाव ईट, घर धनगराचं. सासरे आयुष्यभर मेंढरं घेऊन माळानं फिरलेले. आता गुडघे गेलेत म्हणून अंगणात बसून असतात. मी त्यांना मामा म्हणते. मामांनी पेटी मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"ह्ये कसलं खेकडं म्हणायचं," ते म्हणाले. "पाठीवर घर घिऊन हिंडतंय."

"त्या बाई म्हणत्यात पाण्यात सोडा."

"खेकडं पाण्याचंच. पाण्याचं जनावर पाण्यात जाऊ दे. डब्यात कोंडून पाप कशाला?"

आमच्या रानात शेततळं आहे. खाली काळं प्लॅस्टिक अंथरलेलं, चारी बाजूंनी उतार. त्या दिवशी संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी मी आणि आमचे मालक तिकडं गेलो. मी म्हणलं, चारी एकदम नको, आधी एक सोडून बघू. साधा, मातकट शंखवाला उचलला. का तोच उचलला? रंगवलेले शंख लेकराचे वाटत होते, हा कुणाचाच वाटला नाही. त्याला पाण्याच्या कडेला ठेवला. थोडा वेळ तो आत मिटून बसला. मग पाय काढले, दोन पावलं चालला आणि प्लॅस्टिकवरून घसरून पाण्यात गेला. शंख जड असल्यामुळं लगेच तळाला बसला.

"गेला बघ घरी," आमचे मालक म्हणाले.

मी हात जोडले. मला ते आठवलं की अजून लाज वाटते. मी हात जोडले होते.

दुसऱ्या दिवशी माझी दुपारची ड्युटी होती, म्हणून सकाळी उरलेल्या तिघांना घेऊन मालकांबरोबर परत गेले. पाणी स्थिर होतं. काठापासून हातभर आत, पाण्याखाली तो शंख दिसला. शंखाच्या बाजूला काहीतरी गुलाबी, मऊ, वाकडं पडलेलं होतं. आमच्या मालकांनी झारा बांधलेल्या काठीनं ते वर काढलं. शंखातून पूर्ण बाहेर आलेला खेकडा होता. मागचा अर्धा भाग नुसता मांसाचा, त्याला कवच नाही, काही नाही. मेलेला. काळ्या प्लॅस्टिकवर बारीक बारीक ओरखडे होते, पाण्यातून वर येणारे, आणि अर्ध्यावरच संपलेले. ते ओरखडे त्याचेच होते का, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण आदल्या दिवशी ते तिथं नव्हते.

त्याला मी बांधावर पुरला. मामांना येऊन सांगितलं. रात्री जेवताना ते एवढंच म्हणले, "आपल्याला म्हाईत न्हवतं, पोरी."

"म्हाईत करून घ्यायला पायजे हुतं," मी म्हणलं. सासऱ्याला उलट बोलायची ती माझी पहिली वेळ. त्यांनी मान डोलावली.

माझ्या गाडीला एक निवृत्त प्राध्यापक नेहमी असायचे. तालुक्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं होतं. पहिल्या बाकावर बसायचे, कुणी खिडकीतून थुंकलं की मागं वळून रागवायचे. मी त्यांना पेटीचे फोटो दाखवले आणि शेततळ्याचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी चष्मा वर केला.

"बाई, हा समुद्रकाठचा जीव," ते म्हणाले. "जन्म समुद्रात होतो, पण मोठा झाला की राहतो किनाऱ्यावरच्या ओलसर वाळूत. शंख त्याचा नसतो. मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो आणि त्यात शिरतो. श्वासाला कल्ले आहेत, पण ते ओल्या हवेसाठी. पाण्यात बुडवून ठेवलात तर तो तुमच्यामाझ्यासारखा गुदमरतो."

"मग त्यो मी मारला."

"हो," सर म्हणाले. गोड बोलून त्यांनी ते झाकलं नाही, याचं मला बरंच वाटलं. "पेटीतल्या खड्यांवर ठेवला असता तरी थोडा उशिरा मेला असता. ती पेटी विकणाऱ्याच्या सोयीची आहे."

त्यांनी तिकिटाच्या मागं लिहून दिलं. काचेची मोठी पेटी. वीतभर खोल वाळू, मुठीत दाबली की लाडू वळेल इतकी ओली. दोन पाण्याच्या वाट्या, एक गोड्या आणि एक खाऱ्या पाण्याची, उथळ, आत दगड ठेवून, म्हणजे चढून बाहेर येता येईल. झाकण काचेचं, म्हणजे दमटपणा टिकेल. आणि बाजूला मोठे रिकामे शंख, रंग न दिलेले.

आमच्याकडं दमटपणा! चैत्रात धुतलेला रुमाल झटकेपर्यंत वाळतो. काचेची पेटी सोलापूरला मत्स्यपेट्यांच्या दुकानात मिळाली, समुद्राचं मीठ पण तिथंच. वाळू ओढ्यातून आणली, मामांनी ती चाळली, उकळली, निवू दिली. गुडघे दुखतात म्हणून पाण्याचा तांब्या न उचलणारा माणूस वाळूची घमेली हलवत होता. पेटीवर दिवसातून तीनदा ओलं गोणपाट टाकायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. मेंढरांच्या पिलांना उन्हात जपायची त्यांची सवय होती, तीच इथं उपयोगी आली.

शेजारपाजारचे येऊन बघून जायचे. हसायचे. "कंडक्टरीण बाईनं खेकडं पाळल्यात, आता कालवण कधी?" मी म्हणायचे, "तुमचं करते आधी." एवढ्यावर माणसं गप बसतात.

वैशाखात हसऱ्या चेहऱ्याचा मेला. गोणपाट होतं, पाणी होतं, सगळं होतं. सर म्हणाले, शंखावरचा रंग सुटून पोटात गेला असेल, किंवा आधीच्या पेटीतच अर्धा मेलेला असेल. ते पण नक्की सांगू शकले नाहीत. मी त्याला पहिल्याशेजारी बांधावर पुरला. राहिले दोन, निळा आणि लाल ठिपक्यांचा.

त्याच महिन्यात माझ्यासमोर खरा मोह आला. माझ्याबरोबर कैक वर्षं गाडी चालवलेला एक ड्रायव्हर होता. त्याला कोकणच्या देवदर्शनाची सहल लागली. तो म्हणाला, "ताई, द्या इकडं डबा. मी समुद्रावर सोडून येतो. शेततळ्यात मेला, खरं आहे, पण समुद्र तर त्यांचा आहे ना? आता कसली अडचण?"

मी त्याला नाही म्हणू शकले नाही. मला पण सुटायचं होतं, खोटं कशाला बोलू? ड्युटीवरून आलं की आधी वाळूत बोट घालून बघायचं, पाहुण्यांकडं जायचं तर कुणाला तरी बसवून जायचं, सणाला घर आवरताना ती पेटी मध्येच. मी डबा तयार केला, झाकणाला भोकं पाडली. तरी मन थाऱ्यावर नव्हतं म्हणून सहलीच्या आदल्या दिवशी गाडीत सरांना विचारलं.

"कुठल्या समुद्रातले आहेत ते?" सरांनी विचारलं.

"ते कसं कळंल?"

"तेच म्हणतो. कोकणातले असतील, पूर्वेकडचे असतील, एखाद्या बेटावरचे असतील. धरणारे दहा ठिकाणचे एका टोपल्यात घालतात. मग दुकानात, मग त्या मुलीच्या घरात, मग तुमच्याकडं. त्या प्रवासात कुठला आजार अंगाला लागला असेल तर तुम्ही तो किनाऱ्यावरच्या हजारोंना देणार. शिवाय तिथं त्यांच्या जातीचे असतील की नाही, भरतीची वेळ त्यांना कळेल की नाही, कोण जाणे."

"जगतील बी एखाद्या वेळेस."

"जगतील. एखाद्या वेळेस." सर खिडकीतून बाहेर बघत होते. "धरणारा माणूस गुन्हेगार, विकणारा गुन्हेगार, टाकणारी ती बाई पण. तुमच्यावर कसलीच सक्ती नाही. पण सोडायचंच असेल तर ते खेकड्यासाठी सोडताय की स्वतःसाठी, एवढं बघा."

मी घरी आले आणि डबा उपडा केला. ड्रायव्हरला फोन करून सांगितलं, देत नाही. तो चिडला. म्हणाला, "तुम्हाला नादच लागलाय." मी म्हणलं, लागला असंल. पण येताना रंग न दिलेले रिकामे शंख मिळाले तर आण. विकतचे नको, वाळूवरचे पण उचलू नको, तिथल्यांना लागतात. एखाद्या कोळणीकडं मांस काढून टाकलेले असले तर बघ. तो पिशवीभर घेऊन आला. उकळून, धुऊन मी त्यातले पाच पेटीत ठेवले. आठ-दहा दिवसांनी चहा घेताना मामांनी हाक मारली. मी गेले तोवर निळा निम्मा बाहेर आला होता. दुसऱ्या शंखाच्या तोंडाशी नांगी घालून तो आतून चाचपत होता. मग डोळा लवायच्या आत, उघड्या मऊ पोटानं इकडून तिकडं. चकाकी मारलेला निळा शंख वाळूत रिकामा पडला. मी तो उचलून चुलीत घातला. जळाला नाही, नुसता काळा पडला. मग दगडावर ठेवून ठेचला.

जूनमध्ये लाल ठिपक्यांचा वाळूत शिरला आणि दिसेनासा झाला. पंधरा दिवस झाले, महिना झाला. धाकटे दीर, म्हणजे भावजी, तेव्हा पंचायतीत सदस्य झाले होते. ते पेटीत डोकावून म्हणाले, "वहिनी, मेलंय ते. उकरून टाका, घरात वास सुटंल."

"कात टाकतोय. उकरायचं न्हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ज्याला म्हाईत हाय त्यानं."

तो सहा आठवड्यांनी वर आला. आधीपेक्षा मोठा, तांबूस, ओला. त्या दिवशी रजा नव्हती तरी मी कामाला उशिरा गेले, आणि उशिराचं कारण विचारल्यावर खरं सांगितलं. आगारातले साहेब हसले आणि त्यांनी मला सोडलं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. गावचं तळं भरलं. पंचायतीनं जलपूजन ठेवलं, बाहेरून मोठे पाहुणे बोलावले, मंडप, भोंगा, शाळेची मुलं. मला सुट्टी होती. साडेदहाच्या सुमाराला भावजी दोन माणसं घेऊन दारात आले. नवा पांढरा शर्ट, कपाळाला गंध.

"वहिनी, पेटी द्या. पाव्हण्यांच्या हस्ते सोडायचं ठरलंय."

"काय सोडायचं ठरलंय?"

"ही खेकडं. बॅनरवर छापलंय पण. 'जीव मुक्ती सोहळा'. समुद्रातले दुर्मिळ जीव आपल्या तळ्यात. गावाचं नाव हुईल."

"मला कुणी विचारलं?"

"त्यात काय विचारायचं? घरचंच हाय. चांगलंच काम हाय."

"भावजी, मरतील ती. एक मेलाय आपल्याच शेततळ्यात."

"आणि तुमच्या पेटीत न्हाय मेला? वैशाखात मेला न्हाय का? मग मोकळ्यात मेला तर काय बिघडलं?"

बाकीची माणसं माझ्याकडं बघायला लागली. हा प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता, आणि मी तो स्वतःला पण विचारलेला होता.

"व्हय, मेला," मी म्हणलं. "माझ्या हातात मेला. मी बघितला, मी पुरला. तळ्यात मेला असता तर तुम्ही फोटो काढून घरी आला असता. तुम्हाला ते दिसलं पण नसतं."

"वहिनी, पाव्हणे येऊन बसल्यात. माझी अब्रू जाईल."

"मग मी येऊन सांगते पाव्हण्यांना. तुमच्यावर काय येऊ देत न्हाय. पण पेटी जागची हलायची न्हाय."

एकानं आत पाऊल टाकलं. मामा उंबऱ्याजवळच्या खाटेवर बसलेले होते. त्यांनी काठी आडवी धरली. तो माणूस मागं सरला.

मी साडी बदलली नाही, चपला घातल्या आणि तळ्यावर गेले. मंडपात अडीच-तीनशे माणसं असतील. मला भोंगा लागत नाही. भरल्या गाडीत मागच्या टपाच्या शिडीपर्यंत आवाज पोचवायची चौदा वर्षांची सवय आहे. पाहुण्यांना नमस्कार केला आणि सांगायला सुरुवात केली. मी खेकडा शेततळ्यात कसा सोडला, हात कसे जोडले, सकाळी काय बघितलं. मुलं पुढं बसलेली होती, ती आणखी जवळ सरकली. मागं कुणीतरी हसलं.

"मग समुद्रात नेऊन सोडा की!" एक म्हातारे गृहस्थ ओरडले.

"कुठल्या समुद्रात, बाबा? तुम्ही सांगा, मी उद्याची गाडी पकडते. तुमची शेळी कुणी उचलून नेली, दोन वर्षं कुठंकुठं फिरवली, आणि मग दुसऱ्याच जिल्ह्याच्या माळावर सोडून म्हणला, घ्या, मोकळी केली. चालंल का?"

"न्हाय चालायचं," ते म्हणाले.

"मग?"

पाहुणे उठले. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त कार्यक्रम पुढं न्यायचा होता. म्हणाले, ताईंची भावना आम्ही समजू शकतो. मी म्हणलं, भावना बाजूला राहू द्या साहेब, मला एवढंच सांगायचंय की हे जीव इथं जगत नाहीत. त्यांनी मान हलवली, नारळ फोडला, आणि पंचायतीनं आणून ठेवलेल्या मत्स्यबीजाच्या पिशव्या तळ्यात मोकळ्या केल्या. फोटो निघाले. बॅनरवरचं 'जीव मुक्ती' तसंच राहिलं; त्यावर पट्टी चिकटवायला वेळ नव्हता.

भावजी दिवाळी सरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. जाऊबाई बोलायच्या, पण आवाज खाली घेऊन. गावात काही दिवस मला 'खेकडेवाली' म्हणत. हे सगळं मी सोसलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही, असं नाही. वाटलं. भाऊबीजेला पाट रिकामा दिसला तेव्हा तर फारच वाटलं. माझ्या माहेरी भाऊ नाही, भावजींनाच मी ओवाळते. पण त्या दिवशी पुन्हा कुणी दारात आलं असतं तर मी पुन्हा तेच केलं असतं.

संध्याकाळी ते दोघं शंखवाले काचेला लागून चालतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, परत मागं. मी ते बघते, आणि त्यांना बाहेर जायचंय हे मला कळतं. मी त्यांना सुखात ठेवलंय असा माझा दावा नाही. त्यांचं घर ज्यांनी मोडलं ती माणसं मला माहीत नाहीत, आणि ते पुन्हा बांधायचं मला येत नाही. जे येतं तेवढं करते. वाळू ओली ठेवते. दोन वाट्या भरते. ज्यांना ही कोंडणूक वाटते त्यांनी खुशाल म्हणावं. पण त्यांनी आधी बाजारात जाऊन असले जीव विकत घेणारा हात धरावा, मग माझ्या दारात यावं.

आता एक नवीनच उपद्व्याप झालाय. तळ्यावरचं माझं बोलणं मुलांनी घरोघर नेलं, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं नको झालेली जनावरं घेऊन माझ्याकडं येतात. पोपट, विकतची कासवं. एका बाईनं तर डबाभर रंगीत मासे आणले. परवा रविवारी एक तरणा माणूस मोटरसायकलवर पिशवी अडकवून आला. पिशवीत पांढरा ससा, भेदरलेला.

"ताई, तुम्ही ठेवून घेता म्हणून ऐकलं. पोरगं आता बघत न्हाय त्याच्याकडं. तुम्ही घेत नसाल तर माळावर सोडतो."

"माळावर कोल्ही हाईत."

"म्हणून तर तुमच्याकडं आलो."

"बसा," मी म्हणलं. मामांनी खाटेवर सरकून त्याला जागा दिली. मी चहा टाकला. चहा होईपर्यंत त्याला विचारलं, ससा खातो काय, झोपतो कुठं, पिंजरा केवढा. त्याला एकाचंही उत्तर नीट देता येईना. मग मी सांगितलं. सांगून झाल्यावर फडताळातला खोका रिकामा केला, खाली गवत अंथरलं, ससा त्यात ठेवला आणि खोका त्याच्याच हातात दिला.

"म्हंजी तुम्ही घेत न्हाय?"

"न्हाय. तुम्ही आणलाय, तुम्ही सांभाळायचा."

"ताई, तुम्ही पण लईच..." त्यानं पुढचा शब्द गिळला. खोका टाकीवर पुढं ठेवून, एका हातानं धरून तो हळूहळू निघाला. वळणावर त्यानं गाडी थांबवली, खोक्याचं झाकण जरा उघडं केलं, आत बघितलं, आणि मग गेला.